चार दिवसांची सोय

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत ऊसतोडीला निघायची बांधाबांध सुरू होते. मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येऊन थांबतो. ट्रॉलीत पत्रे, बांबू, ताडपत्री, पिठाचे डबे, हंडे, एखादी शेळी, दोन-चार कोंबड्या आणि सगळ्यांत वर लेकरे. थोड्याच दिवसांत यातली पुष्कळ कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोप. जमिनीत रोवलेले बांबू, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत जायचे ते वाकून.

बायकांच्या गाठोड्यात जुन्या सुती साड्यांची एक घडी असते. ती नेसायची नसते. हंगामात दर महिन्याला तिच्यातून तुकडे फाडले जातात.

पाळीच्या दिवसांत लागणारी साधी सोय ज्यांना परवडत नाही किंवा मिळतच नाही, अशा बायका-मुलींची संख्या आपल्याकडे मोठी आहे. या अवस्थेला आता ‘पाळीचे दारिद्र्य’ म्हटले जाते आणि त्यावरचा उपाय म्हणून बहुतेकांना पॅडचे पाकीट आठवते. पण फडात, शाळेत, वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात ही गोष्ट कशी दिसते ते पाहिले, की पाकीट हा एका लांब साखळीतला एकच दुवा आहे हे लक्षात येते. अंगाला काय लावायचे, ते बदलायला आडोसा कुठे, धुवायला पाणी कुठून, वापरलेले टाकायचे कुठे, दुखत असेल तर बसायची मुभा आहे का, आणि हे सारे विचारायचे कोणाला. यातला एक दुवा तुटला की बाकीचे असून नसल्यासारखे होतात. महाराष्ट्रात हे दुवे जोडण्याची जी कामे उभी राहिली, ती बहुतेक ठिकाणी बायकांच्या गटांनी, छोट्या संस्थांनी आणि कामगारांच्या संघटनांनी केली आहेत. सरकारी योजनाही जिथे अशा कोणाच्या हातात होत्या, तिथेच त्या घरापर्यंत पोचल्या.

फडातले चार दिवस

ऊसतोडीत मजुरांची मोजणी ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल या जोडीची, टनामागे मिळणारी मजुरी जोडीची, आणि हिशेब बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. बाई निम्मे काम करते, पण कागदावर तिचे वेगळे नाव नसते.

काम पहाटे अंधारात सुरू होते. पुरुष ऊस तोडत पुढे जातो. बाई मागून वाढे छाटते, कांड्या गोळा करते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. त्याआधी तिचा स्वयंपाक झालेला असतो, पाणी भरलेले असते. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरावी लागते. उसाचे पाते करवतीसारखे धारदार असते, हातापायांवर त्याचे ओरखडे कायमचे.

या कामात पाळीचे कापड बदलायला जागा नसते. फडात आडोसा म्हणजे अजून न तोडलेला ऊस, आणि तोही दिवस सरेल तसा मागे हटत जातो. ओले, जड झालेले कापड दिवसभर घासून मांड्यांना जखमा होतात. संध्याकाळी कोपीवर परतल्यावर आंघोळीला चार काठ्या आणि त्यांना गुंडाळलेली साडी. पाणी कालव्याचे, नाहीतर लांबच्या बोअरचे, आणि त्यावर पहिला हक्क स्वयंपाकाचा. धुतलेले कापड उघड्यावर वाळत घालायची लाज वाटते, म्हणून ते कोपीच्या आत दुसऱ्या कपड्याखाली जाते. तिथे ऊन पोचत नाही. दुसऱ्या दिवशी तेच दमट कापड पुन्हा अंगाला लागते. खाज, पुरळ, अंगावरून पांढरे जाणे हे याच क्रमाने येते.

आणि पोटात कळा आल्या तरी बसता येत नाही, कारण खाडा लागतो. एका दिवसाच्या गैरहजेरीला पाचशे रुपये आणि त्याहूनही जास्त दंड उचलीत चढतो. दोघांतले एक बसले की दुसऱ्याचेही काम अडते. पाळीचे दोन दिवस विश्रांती घेतली तर हंगामाअखेर बाई कितीतरी दिवसांच्या दंडाची देणेकरी होते.

अशा बाईला पॅडचे पाकीट मोफत दिले तरी ते बदलायला आडोसा हवा आणि पाच मिनिटे हवीत. ती पाच मिनिटे मुकादमाच्या हिशेबात येतात.

‘पिशवी काढून टाकली’

बीडमध्ये गर्भाशयाला पिशवी म्हणतात. ‘पिशवी काढली’ हे वाक्य तिथे तिशीतल्या बायकाही सहज बोलून जातात. २०१९ मध्ये हा विषय वर्तमानपत्रांतून देशभर गेला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातले देशाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

बाई दवाखान्यात जाते ती बहुधा अंगावरून जाणे, कंबरदुखी, जास्त रक्तस्राव या तक्रारी घेऊन. यांतल्या पुष्कळ तक्रारी औषधाने बऱ्या होणाऱ्या असतात. पण औषधासाठी पुन्हा-पुन्हा यावे लागते, आणि हंगामात ते शक्य नसते. खासगी दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवून ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचे कित्येक जणींनी सांगितले आहे. मुले झालेली असतात, पाळीचा त्रास जाणार असतो, खाडे वाचणार असतात. बाई हो म्हणते. शस्त्रक्रियेचे पैसे उभे करायला पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली जाते, आणि ती फेडायला टाके नीट भरायच्या आत पुन्हा फडात उतरावे लागते. ज्यांच्या बीजकोशांनाही हात लागला, त्यांना ऐन तिशी-पस्तिशीत हाडे दुखणे, अंगातून वाफा निघणे, झोप उडणे हे सुरू होते.

या दुखण्यांची मुळे किती जुनी आहेत हे गडचिरोलीत त्याच्या तीस वर्षे आधीच दिसले होते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. आजार सर्वत्र आणि तपासणी कुठेच नाही, अशी ती स्थिती. बीडच्या बाईला तपासणी मिळाली तेव्हा ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाली.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’, आणि बीडमधल्या कार्यकर्त्या तेव्हापासून एक मागणी धरून बसल्या आहेत: ऊसतोड बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. तिचे नाव कागदावर आले तरच आजारपणाची रजा, विमा, फडाजवळचे पाणी आणि शौचालय हे तिच्या नावाने मागता येईल. मागणी कामगारहक्काची आहे, पण पाळीचे दारिद्र्य मोडायचे तर हातोडा इथेच पडायला हवा.

पाकीट गावात पोचते कसे

गावातल्या किराणा दुकानात पॅड असतात, पण दुकानात बसलेला असतो तो ओळखीचा काका नाहीतर भावाचा मित्र. मुलगी गर्दी ओसरायची वाट पाहते. दुकानदार न सांगता पाकीट वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळतो. पस्तीस-चाळीस रुपयांचे पाकीट घरातल्या दोन-तीन जणींना पुरवायचे तर महिन्याला शंभराच्या वर खर्च जातो. रोजंदारीच्या घरात तेल आणि पॅड यांतले एक निवडायची वेळ आली, तर तेल येते.

यावर सरकारी उत्तरे निघाली नाहीत असे नाही. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना द्यायची योजना आली आणि त्यातला एक रुपया आशाताईंना मिळू लागला. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळतो. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत आणि गावातल्या बायकांना चोवीस किंवा एकोणतीस रुपयांत मिळणार होते.

‘अस्मिता’ची घडण चांगली होती, कारण विक्री बचतगटाकडे होती. गटातली बाई मागणी नोंदवायची, माल आला की घरीच ठेवायची, आणि मुली तिच्याकडे दुकानाची पायरी न चढता जायच्या. ती गावातलीच असल्याने ‘आता पुढच्या महिन्यात दे पैसे’ असेही चालायचे. पण गट टिकतो तो मालाच्या भरवशावर. पुरवठा एकदा खंडला की दिलेला शब्द खोटा पडतो आणि मुली कापडाकडे परत जातात. बऱ्याच ठिकाणी असेच झाले. पाच रुपयांचे पाकीट तीन महिने आले आणि चौथ्या महिन्यात आले नाही, तर मुलीच्या दृष्टीने ती योजना संपलेली असते.

तरीही बदल झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या ५८ टक्के मुली पाळीत ‘आरोग्यदायी साधन’ वापरत होत्या. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ७८ टक्क्यांवर गेले. त्याच सर्वेक्षणात निम्म्या मुलींनी कापडही वापरत असल्याचे सांगितले आहे. म्हणजे शाळेत जाताना पॅड आणि घरी कापड, किंवा पहिले दोन दिवस पॅड आणि नंतर कापड, असा हिशेबी वापर घराघरात चालतो. कापड हटलेले नाही. त्यामुळे कापड कसे वापरावे, यावर काम करणाऱ्यांना आजही भरपूर काम आहे.

सुती कापडाचे थर

पुण्यातून चालणारी ‘समाजबंध’ ही संस्था नेमके हेच करते. लोकांकडून जुने सुती कपडे गोळा करायचे, त्यांचे ‘आशा पॅड’ शिवायचे आणि आदिवासी पाड्यांवर, वस्त्यांत पाळीविषयी बोलत-बोलत ते पोचवायचे. ‘गूंज’ या दिल्लीच्या संस्थेने अंशू गुप्ता यांच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास अशाच कामाला देशभर वाट करून दिली. गुप्ता एका बाईची हकिगत नेहमी सांगतात. तिने पाळीसाठी जुन्या ब्लाऊजचा तुकडा वापरला, त्यात गंजलेला हुक राहिला होता आणि धनुर्वाताने ती दगावली.

म्हणून कापडी पॅडच्या कामाची सुरुवात शिलाई मशीनवर होत नाही, ती निवडीच्या ढिगाऱ्यात होते. आलेल्या कपड्यांतून टेरिकॉट, नायलॉन, जरीचे काठ बाजूला पडतात. कोणते कापड घ्यायचे हे हाताला कळते, आणि शंका आली तर त्यावर पाण्याचा थेंब सोडून बघतात. थेंब वर तरंगत राहिला तर कापड बाद, लगेच आत मुरला तर कामाचे. मग हुक, बटणे, चेन, शिवणीतल्या दोऱ्याच्या गाठी काढायच्या. कापड उकळत्या पाण्यातून काढायचे, कडक उन्हात वाळवायचे, इस्त्री करायची. त्यानंतर मापाने कापून थर एकावर एक. बाहेरचे कापड जरा दाट, आत मऊ जुन्या धोतराचे किंवा साडीचे थर, दोन्ही बाजूंना पंख आणि पंखाला टिचबटण, म्हणजे चालताना पॅड सरकत नाही. मशीनवर बसलेली बाई शिवण कडेला घेते, मधून नाही, कारण मधली शिवण टोचते आणि तिथून गळतेही.

पॅड हातात दिला की काम संपत नाही. वाटप होते तिथे धुण्याचे प्रात्यक्षिक असते. आधी गार पाण्यात भिजवायचे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, मग स्वच्छ पाणी, मग थेट ऊन. या शेवटच्या शब्दावर सभेत चुळबुळ सुरू होते. उन्हात म्हणजे दोरीवर, सगळ्यांना दिसेल असे? सासरा बघेल, दीर बघेल. इथेच तासभर बोलणे होते. कोणी म्हणते, वर पातळ ओढणी टाकू. कोणी म्हणते, गच्चीच्या मागच्या अंगाला घालू. एखाद्या गावात एखादी आजी पुढे होते, म्हणते, माझ्या अंगणात घाला, मला कोण बोलतो बघू. त्या अंगणातली दोरी ही गावाने केलेली पहिली सोय असते.

अशा बैठकांना पुरुषांनाही बोलावण्याचा आग्रह ‘समाजबंध’सारख्या संस्था धरतात. घरात पाण्याचा दुसरा हंडा आणायचा की नाही, न्हाणीघराला दार बसवायचे की नाही, औषधाला पैसे द्यायचे की नाही, हे निर्णय बहुतेक घरांत पुरुषाचे असतात. त्याला पाळी म्हणजे काय हे कळलेले नसेल तर तो यातले काहीच करत नाही.

दाराला कडी

मुंबई-ठाण्यातल्या वस्तीत पॅड मिळतात, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. तिथे अडते ते दाराशी. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, न्हाणी म्हणजे ओट्याखालची मोरी, आणि शौचालय गल्लीच्या टोकाला. तिथे कडी तुटलेली, नळ कोरडा, दिवा गेलेला, डबा नाही. वापरलेला पॅड हातात धरून बाहेर यायचे तर रांगेत उभे असलेले सगळे बघतात. म्हणून तो खिडकीच्या फटीत कोंबला जातो नाहीतर भांड्यात टाकला जातो, आणि मग भांडे तुंबते.

२०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. ‘कोरो’ संस्थेच्या मुमताज शेख आणि त्यांच्या सहकारी बायका वस्त्यांतल्या आणि रेल्वे स्टेशनांजवळच्या शौचालयांची पाहणी करत फिरल्या. पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत, बायकांकडून मात्र घेतले जातात, ही साधी गोष्ट त्यांनी महापालिकेपुढे आकड्यांसह मांडली. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. एका मराठी मासिकाने हा प्रश्न लेखांपुरता न ठेवता निकालापर्यंत नेला, याचा मराठी वाचकाने अभिमान बाळगायला हरकत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात एक छोटी खोली उघडली. ‘म्यूज फाउंडेशन’ या तरुणांच्या संस्थेने ठाणे महापालिकेबरोबर ती केली. तिचे नाव पाळीची खोली, ‘पीरियड रूम’. आत वाहते पाणी, जेट स्प्रे, साबण, कचऱ्याचा डबा, आणि आतून लागणारे दार. खर्च सुमारे ४५,००० रुपये. चकचकीत टाइल्सचे अख्खे शौचालय बांधण्यापेक्षा फार कमी पैशांत, वस्तीतल्या बाईला नेमके जे लागते तेवढेच त्यात होते.

शाळांतही प्रश्न दाराशीच येतो. मुलींचे शौचालय कागदोपत्री असते, पण किल्ली कार्यालयात असते आणि ती मागायला सरांपुढे उभे राहावे लागते. पाण्याची टाकी वर, मोटार बंद. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि पाळीच्या दिवशी येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत शौचालयात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना कपडे उतरवायला लावून तपासले गेले. पालकांनी पोलीस ठाणे गाठले, अटक झाली. त्या शौचालयात एक झाकणाचा डबा आणि नळाला पाणी असते, वर्गात पाळीविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या एक बाई असत्या, तर डाग पुसून वर्ग पुढे चालू राहिला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शाळकरी मुलींच्या पाळीविषयी देशभर एकसारखे धोरण आखायला केंद्राला सांगितले. धोरण आले तरी किल्ली कोणाकडे राहील, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीलाच ठरवावे लागणार आहे.

लाल ठिपका

पॅड वापरून झाला की तो घरातल्या बाईच्या डोक्यातून जातो आणि दुसऱ्या बाईच्या हातात येतो. पुण्यात ही दुसरी बाई ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची सभासद असते. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ आली. तिच्या बायका दारोदार कचरा घेतात आणि मग ओला, सुका वेगळा करत बसतात. वर्तमानपत्राचा बोळा दिसला की तो कागदाच्या ढिगात टाकायचा म्हणून उलगडावा लागतो. आत काय आहे ते हाताला लागल्यावर कळते. हातमोजे मिळाले तरी उन्हाळ्यात ते घालून दिवसभर काम होत नाही. नखांना, बोटांना झालेल्या जखमांतून संसर्ग जातो.

२०१३ मध्ये या बायकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे परत पाठवले. तुम्ही विकता, नफा तुमचा, मग याचे पुढे काय करायचे ते सांगा, असा सरळ सवाल होता. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी, असे कलम आले. शहरात ‘लाल ठिपका’ मोहीम चालली. पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. कचरावेचक बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या दोरीवाल्या पिशव्याही बनवून विकायला काढल्या, त्यातून त्यांना थोडे उत्पन्न झाले. ठिपका दिसला की बोळा उघडावा लागत नाही. फ्लॅटमधल्या बाईला त्यासाठी एक स्केचपेन आणि दहा सेकंद लागतात.

गावाबाहेरची झोपडी

गडचिरोलीत गोंड आणि माडिया समाजाच्या कित्येक गावांत पाळी आलेली बाई घर सोडून गावाच्या कडेला जाते. त्या झोपडीला कुर्माघर म्हणतात. कुडाच्या भिंती, मातीची जमीन, दार नाही, दिवा नाही. पावसाळ्यात गळते आणि साप-विंचू येतात. स्वयंपाक करायचा नाही, विहिरीला हात लावायचा नाही, घरची माणसे जेवण आणून ठेवतात. झोपडीत सर्पदंशाने, थंडीने, उपचार वेळेवर न मिळाल्याने बायका दगावल्याच्या नोंदी ‘स्पर्श’ संस्थेचे दिलीप बारसागडे वर्षानुवर्षे गोळा करत आले आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१५ मध्ये याची दखल घेतली.

इथे काय करावे यावर काम करणाऱ्यांतच दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. ‘खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशन’ने तुकूम गावात वाळूने भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या भिंतींचे नवे घर बांधले. आत आठ खाटा, न्हाणीघर, दिवा, आतून लागणारे दार. प्रथा एका रात्रीत जाणार नाही, तोवर बाई साप चावून मरू नये, हा त्यामागचा विचार. बारसागडे आणि त्यांच्यासारख्यांचे म्हणणे असे, की पक्के घर बांधले की प्रथाही पक्की होते, बाईने आपल्याच घरात राहावे यासाठी झगडायला हवे.

नव्या घरांमुळे एक गोष्ट मात्र घडते. चार दिवस एकत्र बसलेल्या बायकांना दार लावून बोलायला जागा मिळते, आणि आशा किंवा परिचारिका तिथे येऊ शकतात. अंगावरून जाणे, कंबरदुखी, मुलींचे लग्नाचे वय, असे घरात न निघणारे विषय तिथे निघतात. कुर्माघरात जायचे की नाही, हा प्रश्नही गावातल्या बायकांनीच तिथे काढावा, ही या कामातली सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत गरजेची पायरी आहे.

पंचायतीच्या खर्चातून

केरळात २०१८ च्या महापुरात छावण्यांमध्ये वापरलेल्या पॅडचे ढीग साचले. त्यातून आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ‘तिंगळ’ प्रकल्पातून बायकांना सिलिकॉनचे कप वाटले. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुळम जिल्ह्यातल्या कुंबळंगी पंचायतीने गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त झाल्याचे जाहीर केले. तिथेही नुसते वाटप करून भागले नाही. कप आत घालायचा म्हटल्यावर बायका दचकतात, अविवाहित मुलींच्या आयांना तर वेगळीच भीती असते. प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेविकांना घरोघर समजावत फिरावे लागले. कप वर्षानुवर्षे टिकतो, खर्च एकदाच, कचरा नाही. पण तो धुवायला स्वच्छ पाणी आणि उकळायला भांडे हवे, म्हणून फडातल्या बाईच्या हाती आज तो देऊन उपयोग नाही. कुंबळंगीत पाणी होते, आणि पंचायत मागे उभी होती.

महाराष्ट्रात हा खर्च कुठून करायचा, याचे उत्तर कायद्यात आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील असतो. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती सभा वहीतल्या सह्यांपुरती होते. जिथे ती खरी भरते, तिथे दारूचे दुकान बंद होते, अंगणवाडीला दार बसते, असे अनुभव आहेत. पाळीचा विषय मात्र तिथेही फार क्वचित निघतो, कारण सभेला ग्रामपंचायत अधिकारी बसलेला असतो.

तो निघावा यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. बचतगटाच्या दोन बायका, आशाताई आणि शाळेतल्या एक बाई अशा चौघी आधी बसल्या आणि मागणी लिहून घेऊन गेल्या, तरी पुरे. शाळेच्या मुलींच्या शौचालयाला नळ आणि आतून कडी, किल्ली वर्गातल्या मुलींकडे. झाकणाचा डबा आणि तो रिकामा करणाऱ्या बाईला हातमोजे. पॅडचा साठा बचतगटाकडे, आणि सरकारी पुरवठा थांबला तर तीन महिने पुरेल एवढी खरेदी १० टक्क्यांच्या निधीतून. उपकेंद्रात महिन्यातून एकदा स्त्रीरोगाची तपासणी. गावातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर निघण्यापूर्वी सगळ्या बायकांची तपासणी, आणि पाळीच्या दिवसाचा खाडा लावणार नाही असे मुकादमाकडून लेखी. दर २६ जानेवारीला ग्रामसभा असते. महिला सभा तिच्या आधी होते, आणि विषयपत्रिकेत हे विषय घालायचा अर्ज साध्या कागदावर चालतो.